फोटोत कान दिसला पाहिजे

साहेब, पार्वतीबाईंना तुम्ही मारलं.

कुत्र्यानं मारलं असं तुम्ही सांगत फिरता. वर असंही म्हणता की बाईनं वेळेत सुई घेतली नाही, खेड्यातली माणसं अडाणी, त्याला आम्ही काय करणार. तुमच्या कचेरीचं नाव इथं लिहिलेलं नाही. ते भीतीनं नव्हे. नाव लिहिलं की तुम्ही नकाशा काढाल, हद्दीवर बोट ठेवाल आणि म्हणाल, न्हावरं आमच्यात येत नाही. तुमचं ते बोट एकदा ठेवून झालंय. म्हणून आधी सगळं ऐका. मधे बोलू नका. तुम्ही मधे फार बोलता.

गौतमी ही पार्वतीबाईंची एकुलती लेक. लग्न मोडून माहेरी आलेली, पण माहेरी न बसलेली. रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंगच्या लाईनवर उभी राहायची आणि कारेगावात पत्र्याच्या खोलीत झोपायची. ठेकेदार आपली माणसं कायम होऊ नयेत म्हणून त्यांना मधूनमधून ‘ब्रेक’ देतो. म्हणजे घरी बसवतो आणि मग नव्यानंच आल्यासारखं परत बोलावतो. दहा वर्षं काम केलेली बाई त्याच्या हिशेबी कायम नवी. यंदाचा ब्रेक मिळाला तशी गौतमी बॅग उचलून न्हावऱ्याला आईकडं आली आणि म्हणाली, आता परत त्या लाईनवर उभी राहणार नाही. स्वतःचं काहीतरी करायचं.

ते काहीतरी तिला मोबाईलवर सापडलं. दौंड तालुक्यात राहूच्या पुढं एक चालू धंदा विकायचा होता, गिऱ्हाइकासकट. कुत्र्यांचं बोर्डिंग.

“म्हंजी काय गं?” पार्वतीबाई शेळीपुढं पाला टाकत होत्या.

“पुण्याची माणसं परगावी गेली की कुत्रं तिथं ठेवून जातात. त्याचं खाणंपिणं, फिरवणं, झोपणं, सगळं आपण बघायचं.”

“म्हंजी कुत्र्याचं लॉज.”

“तसंच समज.”

“आन् पैसं देऊन ठिवत्यात?”

“तर काय! आधी नंबर लावून.”

“मग मला बी ठिव की एखाद्या खोलीत. फॅन हाय का? भुंकायचं आसंल तर भुंकीन मी.”

गौतमी हसली. तिला हसू आलं की पार्वतीबाईंना बरं वाटायचं. लेक घरी आल्यापासून हसायची विसरली होती, हे त्या शेजारच्या सिंधूबाईला सांगायच्या. म्हणून लॉज तर लॉज. पैशाची जुळवाजुळव कशी करायची ते मायलेकींनी बसून ठरवलं आणि गौतमी स्कूटर काढून धंदा बघायला गेली.

पारगावचा पूल ओलांडला की भीमेच्या पलीकडं ऊस आणि गुऱ्हाळं. धुराड्यांचा वास नाकात घेऊन दोन वळणं घेतली की रानात मधोमध गुलाबी रंगाची बैठी इमारत. वर मोठा बोर्ड, त्यावर मालकाचं आडनाव आणि खाली ‘पेट रिसॉर्ट’. मालक सत्यजीत. बागायतदाराचा मुलगा, थोरले आबा सोसायटीत, चुलते पंचायतीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं गोड. त्याला आता पेट्रोलपंप मिळाला होता, म्हणून हे काढायचं होतं.

“ताई, रनिंग धंदा हाय. तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं.”

पुढच्या बाजूच्या खोल्या त्यानं हौसेनं दाखवल्या. फरशी, कूलर, दारावर पाहुण्याचं नाव. एक लॅब्रेडोर असा, की मालकिणीचं तोंड व्हिडिओ कॉलवर दिसल्याशिवाय घास घेत नव्हता. एक बर्फातलं केसाळ कुत्रं, दौंडच्या उन्हात जीभ काढून कूलरला चिकटलेलं. खेळायला प्लास्टिकचं हिरवं गवत. कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे अजून भिंतीला. गौतमीला हे हास्यास्पद वाटलं आणि आवडलंही. लॅब्रेडोर तिच्या पायावर डोकं टेकून झोपला, तेव्हा तर तिनं मनात धंदा घेऊनच टाकला.

इमारतीच्या मागं हिरवी जाळी लावलेलं एक पत्र्याचं शेड होतं.

“ते सरकारी काम,” सत्यजीत म्हणाला. “एका कचेरीचं भटक्या कुत्र्यांचं कंत्राट हाय आपल्याकडं. तिथली कुत्री धरायची, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करायचं, पिसाळू नयेत म्हणून लस टोचायची, कानाला कट मारायचा आन् धरली तिथंच सोडायची. कट हीच खूण. कट दिसला की समजायचं, कुत्रं ओके. चावलं तरी घाबरायचं काम न्हाई. हे कंत्राट बी तुमच्याकडं येतंय धंद्यासंगट. खरी मलई तीच.”

“बघू का आत?”

“आज टेम्पो न्हाई, डॉक्टर न्हाई. काय बघणार? आधी थोडे दिवस येऊन पुढचं काम शिका. मग मागचं.” आणि निघताना, सहज आठवल्यासारखं, “तेवढा बोर्ड मात्र बदलू नका हं. आडनाव आमचंच राहू द्या. गिऱ्हाइकाला सवय झाली.”

त्यानं कारण सवयीचं सांगितलं. गौतमीला खरं कारण सांगायची गरज नव्हती. तिचं आडनाव त्यानं पहिल्या फोनवरच विचारून घेतलं होतं. तिनं तो घोट गिळला. बोर्ड त्याचा, चाव्या माझ्या, असं स्वतःला समजावलं. एवढं गिळायची सवय तिला लाईनवरच लागली होती.

रोज सकाळी ती पूल ओलांडून जायची. काम शिकवायला हौसराव होते. डोक्यावर टोपी, गालात तंबाखू, आणि पुण्याच्या कुत्र्यांच्या नावांशी उभं वैर. ब्रुनोला ते बिरुदेव म्हणायचे आणि कोकोला काकू.

“काकूनं आज हागलं न्हाई. मालकिणीचा तीनदा फोन. माझ्या सुनंनं कवा मला विचारलं न्हाई, आप्पा, झाली का म्हणून.”

गौतमी शिकत होती. कुणाला कुणाशेजारी ठेवायचं नाही, कोण रडतं, कोण रुसतं. हाताला गुण होता तिच्या. घरी येऊन ती आईला एकेकाची नक्कल करून दाखवायची. पार्वतीबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

आणि एके दिवशी उन्हं कलली होती, गौतमी नुकतीच घरी पोचून हातपाय धूत होती, तेवढ्यात मागच्या बाजूला शेळीचं करडू केकाटलं. एक तांबडी कुत्री त्याच्या मानेला लागली होती. पार्वतीबाईंनी हातात काठी न घेता सरळ वाकून करडू ओढलं. कुत्रीनं करडू सोडलं आणि त्यांच्या तोंडाला लागली. ओठाच्या कडेला. क्षणभरच. दाताची एक खूण, थोडं रक्त.

सिंधूबाई धावत मिरचीपूड घेऊन आली.

“ठिव ती तुझी मिरची तुझ्या कालवणात,” पार्वतीबाई म्हणाल्या. “आपन तसली माणसं हाव का? गौतमे, स्कूटर काढ. दवाखान्यात जायाचं. कुत्रं चावलं की सुई, हे मला शाळंत न जाता बी म्हाईत हाय.”

हे वाक्य नीट ऐका साहेब. ज्यांना तुम्ही अडाणी म्हणालात, त्या बाईचं आहे ते. जखमेतून रक्त येत होतं आणि बाई दवाखान्यात निघाली होती.

तिला थांबवलं ते शिकलेल्या लेकीनं.

गौतमी काठी घेऊन कुत्रीच्या मागं गेली. उकिरड्याच्या राखेत ती बसली होती, लाळ गाळत. तिच्या डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं होतं. ते बघून गौतमीचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर तिला थोडा अभिमानही वाटला. ही खूण आपल्याला कळते. हे आपलं काम आहे.

“आई, घाबरू नको. कट हाय तिच्या कानाला. सरकारी. लस टोचलेली हाय.”

“लाळ गाळत व्हती की गं.”

“धावून धावून गाळती. उन्हाचं गाळतातच.”

“नक्की का?”

“मी तिथंच काम करते, आई.”

पार्वतीबाई ओसरीवर बसल्या. पदरानं ओठ टिपला. “सरकारी खूण हाय नव्हं? मग बरं झालं. उद्या तुझं बी काम बुडलं आस्तं.”

त्यांनी का विश्वास ठेवला हे तुमच्यासारख्याला कळायचं नाही. या घराला गावानं कधी काही दिलं नाही. शाळेची फी माफ झाली ती सरकारमुळं, वस्तीत नळ आला तो सरकारमुळं, डोक्यावर स्लॅब आला तो घरकुलाचा. बाबासाहेबांनी लिहून ठेवलं म्हणून सरकार आपलं, असं पार्वतीबाईंच्या हाडात बसलेलं होतं. माणसाच्या शब्दाला त्या चार प्रश्न विचारायच्या. शिक्का दिसला की एकही नाही. पोलिओच्या डोसाची शाई पोराच्या बोटावर दिसली की डोस दिलेला असतो, तसा कानाला कट दिसला की लस दिलेली असते. ही त्यांची चूक. गावात दुसऱ्या कुणी केली नसती. दुसऱ्यांनी शिव्या देत का होईना, सुई टोचून घेतली असती. कारण दुसऱ्यांना तुम्ही कसे आहात हे ठाऊक आहे; तुमच्याशी त्यांची ऊठबस असते.

गौतमीनं जखमेला औषध लावलं, आणि ते प्रकरण मायलेकींनी बाजूला सारलं.

पुढचा सगळा आठवडा गेला. दुसराही सरत आला. जखम भरली, वर बारीक खपली. पार्वतीबाई शेळीमागं हिंडत होत्या. सत्यजीतशी बोलणं पक्कं होत आलं होतं; तो म्हणाला, आज टेम्पो येतोय, मागचंही काम बघून घ्या.

टेम्पो आला. आत कुत्र्यांचा ढीग. कुणाच्या गळ्यात तारेचा फास, कुणाचा पाय दुसऱ्याच्या खाली. हौसराव एकेकाला दोरीनं ओढायचे, तोंडाला सुतळी आवळायचे, गुडघ्याखाली दाबायचे आणि कात्रीनं कानाचं टोक उडवायचे. वर चिमूटभर हळद. मग मोबाईल काढून फोटो. कुत्रं हललं तर पुन्हा फोटो. आणि लगेच परत टेम्पोत.

गौतमी बघत राहिली. पहिल्यांदा तिला वाटलं, लस आधी टोचून आणली असेल.

“हौसरावमामा, लस कवा देता?”

“कसली?”

“पिसाळू नयेत म्हणून. आन् ऑपरेशन?”

हौसरावांनी तिच्याकडं बघितलं. थट्टा करते की काय, अशा नजरेनं. “पोरी, डॉक्टर म्हैन्यातनं एकदा सहीला येतो. फोटोत कान दिसला पायजे, यवढंच सायबाचं म्हननं आस्तं. लस काय फोटोत दिसती व्हय?”

शेडच्या कोपऱ्यात पांढरा फ्रीज होता. त्यावर लस असा ठसा मारलेला. गौतमीनं दार उघडलं. आत कोंबडीच्या पिशव्या, दह्याचा डबा आणि कुत्र्याच्या वाढदिवसाचा उरलेला केक.

तिनं विचारलं, “मग ही सोडता कुठं? धरली तिथंच?”

“तितं सोडून कसं चालंल? लोक वरडत्यात, कुत्री कमी झाली न्हाईत म्हून. नदीच्या अल्याड-पल्याड, टेम्पो वळाया जागा घावंल तितं सोडायची. कवा पारगावच्या आंगाला, कवा न्हावऱ्याकडं...”

ते बोलतच होते. गौतमी स्कूटरवर बसली तेव्हा हेल्मेट तिच्या हातातच होतं, ते तिथंच खाली पडलं. पूल कधी गेला तिला आठवत नाही. वाटेत सिंधूबाईला फोन लावला, ती तांबडी कुत्री कुठाय म्हणून. सिंधूबाई म्हणाली, “ती व्हय? ती कवाच मेली की. उसाच्या कडंला कडक होऊन पडली व्हती. पोरांनी वढून टाकली.”

आईला घेऊन ती तशीच दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीण तरुण होती. चांगली होती. तिनं ओठ बघितला, तारीख ऐकली आणि पेन खाली ठेवलं.

“तोंडाला चावलंय, आणि आज येताय?”

पार्वतीबाई पुढं सरसावल्या. “कट व्हता मॅडम कानाला. आमी बघितला.”

मॅडमनं सीरम मागवलं आणि भरलेल्या जखमेच्या जागीच सुया टोचल्या. पार्वतीबाईंनी हूं केलं नाही. बाहेर आल्यावर मॅडम गौतमीला हळूच म्हणाली, “आमचं आम्ही करतो. पण तोंडाजवळचं असलं की विष लवकर वर चढतं. डोस चुकवू नका. आणि मनाची तयारी...”

सुईचं कळलं तसा सत्यजीत घरी आला. पहिल्यांदाच त्यानं या वस्तीत पाय ठेवला. खुर्ची पुसून बसला.

“पार्वतीआत्याला काय होत न्हाई. मी देवाला बोललोय. आन् तुम्ही बी डोक्यात राख घालू नका. व्यवहार उरकून टाकू. मी किमतीत खाली यायला तयार हाय. पण बाहेर बोललात तर कंत्राट जाईल, मग विकत काय घेणार? पिंजरे?”

“बाकीची कुत्री कुठं कुठं सोडली?”

“काय माहीत. अन् राहतात होय ती? बिबट्या हाय की उसात. आठवड्यात साफ.”

“आई गेली तर?”

“असं अभद्र का बोलता? सगळे असंच करतात. सायबाला माहीत हाय. सायबानंच तर सांगितलं, फोटो नीट पाठव म्हणून.”

तो गेल्यावर गौतमी बराच वेळ उंबऱ्यात बसली. इथं तिची बाजू घ्यायची म्हणून काही झाकायचं नाही. तिच्या मनात आलं: धंदा घ्यावा. आई बरी होईल, आणि आपण धंदा घेऊन सगळं सरळ करू. फ्रीजमध्ये खरी लस ठेवू. डॉक्टरला रोज बसवू. नाहीतर पुढं काय, परत लाईन, परत ब्रेक, परत पत्र्याची खोली. बुडणारा माणूस हातात येईल ते धरतो, त्याला वास येत नाही.

“ठरलं का लॉजचं?” आतून पार्वतीबाईंनी विचारलं.

“तू सांग.”

“आपल्या हातानं तसं कुत्रं कुनाच्या दारात सोडशील का?”

“मी लस देईन ना, आई.”

“तू दिशील. पर कट बघून तू बी फसलीस आन् मी बी. उद्या तुझा कट कुनी खरा मानंल कशावरनं?” मग स्वतःच कंटाळून, “जाऊ दे. चहा ठिव.”

गौतमीनं चहा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सत्यजीतला नाही म्हणून कळवलं. नंतर ती तुमच्या कचेरीत आली. आठवतं ना साहेब? ती उभी होती, तुम्ही बसलेले होता.

“चावलेलं कुत्रं कुठाय?” तुम्ही विचारलं.

“मेलं.”

“मग कट आमचाच कशावरून? कात्री कुणाकडंही असते.”

“शेडवर चला. मी दाखवते.”

“आणि न्हावरं तर शिरूर तालुक्यात. आमच्या हद्दीतली कुत्री आम्ही आमच्या हद्दीतच सोडतो. प्रत्येकाचा फोटो आहे.” आणि तुम्ही भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं.

“साहेब, माझ्या आईचं राहू द्या. बाकी गावांना निदान सांगा. कट असला तरी सुई घ्या म्हणून दवंडी द्या.”

“लोकांत घबराट पसरवायची? तुमचं त्या केनेलवाल्याशी काही व्यवहाराचं फिसकटलंय असं ऐकलं. ते तुम्ही आपसात बघा.”

तुमच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता. तुम्ही तो उचललात आणि गटागटा प्यालात. बाकी सगळं ती विसरेल. हे विसरणार नाही, कारण ती घरी पोचली तेव्हा तिची आई पाण्याच्या तांब्याकडं बघून थरथरत होती.

सकाळी चहाचा कप त्यांनी लोटून दिला होता. गळ्यात आवळल्यागत होतंय म्हणाल्या. दुपारी सिंधूबाईनं तांब्या पुढं केला तर मान एका बाजूला वळली, जबडा ताठ झाला, डोळे फिरले. तहान होती. ओठ कोरडे पडले होते, पाणी मागत होत्या आणि पाणी दिसलं की अंग धनुष्यासारखं वाकत होतं. पंख्याचा वारा लागला तरी तेच. ज्या बाईनं लॉजात फॅन आहे का म्हणून थट्टा केली होती, ती म्हणत होती, तो फॅन बंद करा गं, फॅन बंद करा.

पुण्याच्या दवाखान्यात त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. हातपाय पट्ट्यांनी कॉटला बांधले. या रोगात सगळ्यात वाईट हे, की मधे मधे माणूस शुद्धीवर येतं आणि त्याला सगळं कळतं. अशाच एका वेळी त्यांनी गौतमीला ओळखलं.

“तू रडू नको. कट व्हता की कानाला. मी बी बघितला.”

“मी बोलले म्हणून तू थांबलीस, आई.”

“तू न्हाई गं. ज्यानं कट मारला त्यानं थांबवलं मला.” बोलताना तोंडातून फेस येत होता, तो पुसायला गौतमीनं हात पुढं केला, तर त्यांनी तोंड फिरवलं. “हात नको लावू. तुला हुईल.”

त्याच दिवशी त्या गेल्या. मरताना लेकीला हात लावू दिला नाही, लेकीला होईल म्हणून. आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पत्रकारापुढं म्हणालात, अडाणीपणा.

केनेल विकलं गेलं. दुसऱ्या कुणीतरी घेतलं, कंत्राटासकट. लॅब्रेडोर अजून व्हिडिओ कॉलवर जेवतो. हिरव्या जाळीमागं टेम्पो अजून येतो. गौतमी ब्रेक संपवून लाईनवर परत गेलीय, आणि सुटीच्या दिवशी स्कूटर घेऊन भीमेच्या दोन्ही काठांनी हिंडते. पारावर थांबते, डेअरीच्या रांगेत थांबते, वस्तीवर जाते. एकच सांगते: कुत्रं चावलं तर कान बघू नका, सुई घ्या. काही जण ऐकतात. काही जण म्हणतात, ह्या बाईला तो धंदा मिळाला नाही म्हणून बोंबलत फिरते. गेल्या खेपेला एका वस्तीवर एक म्हातारा मांडीची भरलेली जखम दाखवून हसत तिला म्हणाला, “मला गेल्या म्हैन्यात चावलं. पर काळजी न्हाई, सरकारी व्हतं.”

तिनं त्याला स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. हा एक सापडला. ती एकटी आहे, आणि काठ लांब आहे.

हौसरावांना सगळ्या जागा आठवत नाहीत. सत्यजीत फोन उचलत नाही. पण टेम्पोचं डिझेल तुमच्या सहीनं निघतं, साहेब. तो कुठं कुठं गेला हे तुम्हाला ठाऊक आहे. फोटो ठेवा तुमच्याकडं. हद्द ठेवा, नकाशाही ठेवा. पार्वतीबाई तर तुम्ही परत देऊ शकत नाही. पण त्यांच्यासारखी किती माणसं आज कान बघून घरी परतलीत, ती अजून जिवंत आहेत, त्यांना अजून सुई देता येते. म्हणून आता बोला. टेम्पो कुठल्या कुठल्या गावात रिकामा केला? नावं सांगा.